मंडपापर्यंतच

शेणवा, ६ मे

ती. माधुरीताईस,

सप्रेम नमस्कार. स्वरूप आणि मनस्वी देवदर्शन करून सुखरूप परतले असतील. तू मागितलेली करवंदं अजून कच्चीच आहेत. लग्नात वरातीनंतर मी न जेवता निघाले म्हणून तू रागावलीस. घास उतरला नसता, एवढंच.

अक्षदाच्या शाळेच्या दाखल्यासाठी भाऊजींचा फोन आला होता. पोलीस विचारतायत, तर वय सोळा दाखव, म्हणाले. ताई, ती अकराची आहे. माझ्याच पाचवीच्या वर्गातली.

सुट्टी लागली की तिची आई, सकुबाई, तिला कामाला कल्याणला नेते. दिवसभर हॉलवरची भांडी, दिवेलागणीला वरातीचे दिवे. आपल्या वरातीत पंधरा जणी होत्या, बाया आणि पोरी. प्रत्येकीच्या डोक्यावर लोखंडी झुंबर आणि सगळी एकाच वायरीने जनरेटरच्या गाडीला जोडलेली. एक थांबली की सगळी रांग थांबते.

अक्षदाने मला ओळखलं. मी तोंड फिरवलं. तुझ्या व्याह्यांसमोर नको वाटलं. नाचणारे एकाच चौकात तासभर अडकले होते. मी शेजारून जाताना ती हळूच म्हणाली, "बाई, मान लय दुखते. उतरवू का?"

व्हिडिओवाला रांग सरळ ठेवा म्हणून ओरडत होता. तिच्याकडे न बघता मी म्हटलं, "कवायतीसारखी ताठ राहा. मंडपापर्यंतच."

ती राहिली. शाळेत कवायत मीच घेते. मैदानात सगळी पोरं चुळबुळतात, ही हलत नाही.

मंडपाच्या दारात कोसळली तेव्हा झुंबर मानेवर आलं. वायर सोडवेपर्यंत तुम्ही स्वरूपला ओवाळून आत नेलंत. मीही तुमच्यामागे आत आले.

काल दवाखान्यात गेले. तिचे हात उचलले जात नाहीत. सकुबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी रांगेत मागून सांगत व्हते, टाक खाली. बाई बोलल्या म्हनून नाय टाकला तिनं."

अक्षदाने मला विचारलं, "बाई, मी हलले नाय ना?"

दाखला सोबत पाठवते आहे. जन्मतारीख खरी आहे. एक प्रत पोलिसांना दिली. ताठ राहा कोण म्हणालं, तेही सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

पूजेला माझी वाट बघू नकोस.

अक्षदाची बाई,
चंद्रकला