डेलियाची पहिली कळी

बिलोली, मार्गशीर्ष वद्य तृतीया, रात्री

आज जे केलं ते घरात कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

भाद्रपदात डेलियाचं बी पेरलं. बियाच्या डेलियाचा रंग फूल उमलेपर्यंत कळत नाही. तीन महिने थांबलो, आणि आज पहिली कळी फुगली. उद्या उमलणार. पण पहाटेच शेजारच्या राधाकाकू परडी घेऊन येतात. देवासाठी फूल तोडणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

त्यात त्यांचा मुलगा दत्तू जेलात. सरकारविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून धरला. त्याच्यासाठीच रोजची पूजा. आणि मी त्याच सरकारच्या कचेरीत कारकून.

संध्याकाळी काकू कुंपणापाशी थांबून कळीकडं बघून राहिल्या होत्या. मला राहवलं नाही. त्यांच्यासमोरच वाकलो, कळीला नाक लावलं आणि मोठ्यानं श्वास ओढला. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे त्यांना ठाऊक. डेलियाला वास नसतो, हे मला ठाऊक.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ते फूल. देवाला जास्वंद हाय की." मग जाता जाता, "आमच्या दत्तूचंबी असंच. लाख सांगा, आधी हुंगायचा न् मग परडीत टाकायचा."

तेव्हापासून तीनदा अंगणात जाऊन आलो. कळी मिटलेलीच आहे. उद्या ती उमलूच नये, असं वाटून राहिलंय.