पात्याचे दात खाली

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. फोनवर तू दोनदा विषय काढलास आणि दोन्ही वेळा मी गॅसवर काहीतरी उतू जातंय असं सांगून सटकले. काही उतू जात नव्हतं. बाबांच्या वाढदिवसाला लाकडाचे आकार कापायची नवी स्क्रोल सॉ पाठवायची, कोणती घेऊ ते गुपचूप बघून कळव, असं तू लिहिलंस. सरळ उत्तर देणं मला जमत नव्हतं, म्हणून टाळत राहिले. आज लिहून टाकते. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारीच बसलेले असतात आणि माझा आवाज माझं ऐकत नाही.

मी दुकानात जाऊन आले, हे आधी सांगते, नाहीतर म्हणशील आईनं इकडची काडी तिकडे केली नाही. दुकानदार भला माणूस होता. मशीन जितकं जड तितकं कमी थरथरतं, म्हणून बिडाच्या बैठकीचं घ्या म्हणाला. पात्यापासून मागच्या खांबापर्यंत अंतर जास्त हवं, म्हणजे मोठी फळी फिरवता येते. वेग कमी-जास्त करायची सोय हवी. आणि पातं साधं, बिनखिळीचं बसणारं हवं, कारण टोकांना आडवी खिळी असलेलं पातं बारीक भोकातून जात नाही. मी पर्स सावरत, सगळं कळल्यासारखी मान डोलवत होते. पण त्यातलं थोडं मला खरंच कळत होतं. लाकडी जिराफाच्या पायांमधली जागा कापायची तर आधी भोक पाडतात, पातं वरच्या पकडीतून सोडवून त्या भोकातून ओवतात आणि पुन्हा आवळतात. खालची पकड तशीच राहते. इतकी वर्षं बघून बघून माझ्याही डोक्यात हे बसलंय.

बाबांच्या दवाखान्यातला तो खण आठवतो का तुला? दात काढून घेताना जो रडणार नाही त्याला एक लाकडी प्राणी. खरं तर रडणाऱ्यालाही मिळायचाच, बाबांना कडक राहणं कधी साधलं नाही. तू एकदा हत्तीसाठी दात दुखल्याचं सोंग केलंस आणि त्यांनी गंभीर चेहऱ्यानं चिमटा हातात घेतल्यावर खरंखुरं भोकाड पसरलंस. दवाखाना बंद झाला, पण प्राणी चालूच राहिले. सकाळी तासभर मशीनवर बसायचं आणि भुवयांत भुसा घेऊन जेवायला यायचं. तो तास त्यांच्या दिवसाचा कणा आहे, ठकू. एखाद्या दिवशी तो चुकला की घरभर फिरत राहतात, कपाटं उघडतात, बंद करतात, आणि काय शोधताय विचारलं की लहान मुलासारखे ओशाळतात.

गेल्या वर्षाच्या शेवटी ते मशीनवर चिडायला लागले. फळी टेबलावर नाचते, कडा फुटतात, जिराफाची मान मोडते. मशीन म्हातारं झालं म्हणाले. तुलाही त्यांनी तेच सांगितलं असणार, त्यातूनच तुझ्या मनात नव्या मशीनचं आलं. मी जन्मभर शिवणाचे वर्ग घेतले, यंत्राला मी घाबरत नाही. एका दुपारी ते झोपलेले असताना बसले खोलून. पकडींत भुसा घट्ट बसला होता, तो जुन्या टूथब्रशनं काढला. दोन्ही दांड्यांच्या सांध्यांना शिलाई मशीनचं तेल दिलं, एकेक थेंबच, आणि जास्तीचं पुसून घेतलं, नाहीतर त्यावर पुन्हा भुसा चिकटतो. टेबलावर मेण चोळलं. वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीचा नाच आणि बाबांचा वैताग.

मग मला माझ्या वर्गातल्या मुली आठवल्या. टाका सुटतोय म्हणून रडत यायच्या, आणि बघावं तर सुई उलटी. मी पात्यावरून हलकेच बोट फिरवलं. दात वर होते. ते खाली हवेत. दात वर असले की पातं वर जाताना फळी सोबत उचलतं. जन्मभर दातांत घालवलेल्या माणसानं दातच उलटे बसवावेत, म्हणून मी एकटीच खूप हसले आणि पातं सरळ करून ठेवलं. जेवताना चिडवायचंही ठरवलं, मग त्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दात पुन्हा वर. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मग बाबांच्या तपासण्या केल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल. बाबा घरी येईपर्यंत माझा हात धरून बसले होते. दुसऱ्या सकाळी मला विचारलं, तुझे रिपोर्ट काय आले गं? मी म्हटलं, चांगले आले. त्यांना इतकं बरं वाटलं की मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तेव्हापासून रोज मी पातं सरळ करते. त्यांची दवाखान्यातली शिस्त अजून शाबूत आहे. रोज सकाळी आधी पातं बसवून हत्यार तयार ठेवायचं, मग आंघोळ, मग काम. ते आंघोळीला गेले की मी जाते, पातं सोडवते, फिरवते, आवळते. बोटानं छेडल्यावर स्वच्छ टणक आवाज आला पाहिजे, भद्द वाजलं तर ताण कमी आहे. बोथट झालं असेल तर नवं लावते. मग बाबा येतात, फळी लोण्यासारखी कापली जाते आणि ते मला हाक मारून सांगतात, आज मशीनचा मूड चांगला आहे. म्हणून नवं मशीन नको, राणी. या जुन्याच्या मुठी आणि खिट्ट्या त्यांच्या हातांना पाठ आहेत. नवं आता हातांना शिकता येणार नाही.

हे सगळं इतकं बारकाईनं लिहिलं, कारण ते तुला करावं लागणार आहे. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना कागदांकडे बघतात. मला भीती वाटते, ठकू. मशीन पाठवू नकोस, तू ये, मी दाखल होण्याआधी ये. पातं फिरवायला तुला शेजारी बसून शिकवते. आंघोळ करताना ते गुणगुणतात, गुणगुणणं थांबलं की मशीनच्या खोलीतून बाहेर पडायचं. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुझी आत्या गेली तेव्हा सांगितलं होतं, तर ते रडले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन का नाही आला म्हणून विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणि ते पुन्हा तितकेच, पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडले. तिसऱ्यांदा मला सांगवलं नाही. मी परत आले नाही, तर ते तुला रोज विचारतील, आई कुठे गेली. तू रोज खरं सांगू नकोस. बाजारात गेली आहे, येईल थोड्या वेळात, एवढंच सांग.

तुझीच,
आई