टिप्टनचं बोलणं

प्रिय जॅनिस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "आमच्या केरीला म्हैनाभर तुझ्याकडं ठिवून घे आन् तुझ्यासारखं बोलाया शिकव, म्हंजे पुढच्या येळंला तरी नोकरी लागंल," असं तू लिहिलंस. वर मी केलेल्या खटपटीबद्दल आभारही मानलेस. फोन वाजला की केरी खोलीबाहेर जाते, दुकानात नुसतं बोट दाखवते, हेही लिहिलंस. उशिराचं कारण म्हणून कामं होती असं लिहिणार होते, पण कामं नव्हती.

मी अशी बोलायला कशी लागले, ते तुला कधी सांगितलंच नाही. आपलं टिप्टन सोडून इकडे दक्षिणेला आले तेव्हा टायपिंगमध्ये माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. पण तोंड उघडलं की मुली एकमेकींकडे बघायच्या. चहाच्या वेळी म्हणायच्या, "डेनीझ, ते परत म्हण ना, मज्जा वाटते." साहेब माझ्याशी मुद्दाम सावकाश बोलायचे, मला कमी समजतं असं धरून. न्यूकॅसलच्या कारकुनाचं बोलणं त्यांना गोड वाटे, स्कॉटलंडची बाई हुशार वाटे. मठ्ठ तेवढे आपण टिप्टनवाले. हे कुणी ठरवलं देव जाणे. सहा महिने मी कामापुरतंच बोलले आणि आंघोळीच्या टबात बसून रेडिओवरच्या बाईची वाक्यं घोकली. आपल्या आया फोन उचलताना मडमेचा आवाज काढायच्या, आठवतं? फोन ठेवला की "कोन मेलं तडफडलं व्हतं" म्हणत परत स्वतःच्या आवाजात यायच्या. मी तो फोन ठेवलाच नाही, एवढंच.

माझ्या लग्नातलंही सांगून टाकते. जेवणाच्या वेळी नवरीच्या बापानं भाषण करायचं असतं. बाबांनी साखळ्यांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पंधरा दिवस सराव केला होता. आदल्या दिवशी मीच त्यांना म्हटलं, नवऱ्याकडच्यांना, रॉजरच्या घरच्यांना, तुमचं बोलणं कळायचं नाही. ते म्हणाले, "बरं पोरी, घसा बसलाय म्हनून सांग." तू बिचारी त्यांच्यासाठी गरम पाण्यात मध घालून घेऊन आलीस, आणि ते निमूटपणे प्यायले.

आता केरीचं. मी काम करते त्याच दवाखान्यात रुग्णांचे फोन घेण्याची नोकरी, आणि मुलाखतीला समोर मी आणि दोन डॉक्टर. पहिली दोन उत्तरं तिनं अगदी जपून, फोनच्या आवाजात दिली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. "काय मावशी, बरी हायेस न्हवं? आई म्हनली, तू असलीस की भ्यायचं काम न्हाई." पुढे सगळं आपल्याच बोलीत. नकली रुग्ण झालेल्या नर्सला तिनं इतकं छान शांत केलं की ती नर्सच हसायला लागली. एक डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हीपण तिकडच्याच की काय? वाटत नाही हो." मी म्हटलं, नुसती ओळख आहे. केरीनं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

डॉक्टरांनी तिला नाकारलं आणि मी तिच्या बाजूनं भांडले, असं तू समजतेस. तसं झालं नाही, जॅनिस. दोघंही तिला घ्यायला तयार होते. "या आवाजावर रुग्णांचा विश्वास बसणार नाही" हे मी म्हटलं, आणि कागदावर तो शेरा माझ्याच अक्षरात आहे. ती रोज शेजारी बसून बोलली असती तर एक दिवस माझीही जीभ घसरली असती, या एकाच भीतीपोटी. तिच्यात काही कमी नव्हतं. तिला माझ्याकडे पाठवू नकोस. हे पत्र तिला तूच वाचून दाखव, तुझ्या आवाजात. मी सांगायला आले तर कुठल्या आवाजात बोलू, तेच मला कळत नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
डेनीझ