आबांचा कॅमेरा ऑफलाइन

११ ऑगस्ट, सोमवार
पारोळ्याला आबांकडे काल इंटरनेटची नवी लाइन बसली. सकाळपासून माझ्या फोनवर तिथला कॅमेरा ऑफलाइन. आई गेल्यापासून आबा एकटे, आणि विसरतात. मागे गॅस चालू ठेवून स्टँडवर जाऊन बसले होते. म्हणून तर कॅमेरा. शेजारच्या नसीमभाभी बघून आल्या. जेवले, पेपर वाचताहेत. तरी इथे धुळ्यात, ऑफिसात, सारखा फोन उघडून बघत होते. काळा पडदा.

१२ ऑगस्ट, मंगळवार
लाइनवाल्यांना फोन. नेट चालू आहे, कॅमेरा आमच्या कामात येत नाही म्हणाले. नवा राउटर पुढच्या खोलीत. मागच्या खोल्यांत सिग्नल पोचत नाही म्हणून जुना स्वयंपाकघरात, नव्याला जोडून. कॅमेरा जुन्यावर. सुनील म्हणाला, आबांना इकडेच आण. नवऱ्याला काय जातं म्हणायला. आबा येत नाहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार
भाभींनी दोन्ही राउटरच्या स्टिकरचे फोटो पाठवले. दोघांचा आयपी पत्ता एकच! एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. जुन्याला बाहेरचा रस्ता सापडणार कसा? लॅपटॉप घेऊन जायलाच हवं. शुक्रवारी सुट्टी. तोवर...

१५ ऑगस्ट, शुक्रवार
पहिल्या बसनं पारोळा. आबांनी नावानं हाक मारली, मग जरा वेळानं विचारलं, "तू लाइनवाली शे का?" हो म्हटलं.
जुन्या राउटरचा पत्ता बदलला. सेव्ह दाबलं आणि सगळंच गेलं. नव्या पत्त्यानं जोडून बघितलं, राउटर दिसला. नेट आलं, कॅमेरा नाही. त्याच्यात पत्ता आणि गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार, मागे हातानंच भरलेले, तो अजून जुन्याच वाटेनं बाहेर पडायला बघतोय. लॅपटॉपला तात्पुरता जुन्याच गल्लीतला पत्ता देऊन कॅमेऱ्यात शिरले, दोन्ही बदललं.
चित्र आलं. फोनमध्ये आबांची पाठ.

१६ ऑगस्ट, शनि.
काल रात्री धुळ्याला परत. आज आबा दिवसभर दिसले. देवाला फूल वाहिलं, झोपले, उठले. मीही आज नीट जेवले.

१८ ऑगस्ट, सोम.
दुपारी पुन्हा बंद. संध्याकाळी आपोआप चालू. काही भरायचं राहिलं का? सगळं मनात परत तपासतेय.

१९ ऑगस्ट, मंगळ.
पुन्हा दुपारीच. भाभींना पाठवलं. कॅमेऱ्याचा प्लग आबांच्या हातात. कालही काढला होता, संध्याकाळी भाभींनी सहज लावून दिला. त्यांनी आबांना फोन दिला.
"ती कॅमेरानी बत्ती माले दिनभर देखस. मी चोर शे का?"
म्हटलं, "आबा, बत्ती नाही. मी बघते."
मग, "मंग घर ईसन देख."
घरी येऊन बघ म्हणाले, आणि फोन भाभींच्या हातात दिला.

२० ऑगस्ट, बुध.
प्लग लावा म्हणून भाभींना सांगायला फोन घेतला, खाली ठेवला. सुनीलशी बोलले. काही दिवस पारोळ्याला राहून धुळ्याला ये-जा करते म्हटलं. तो नाही म्हणाला नाही. हो पण नाही. ऑफिसात उशिरा येण्याचं साहेबांना उद्या विचारायचंय.
कॅमेरा बंदच. आबांना फोन लावला. वाजतोय. उचलत नाहीत. परत लावते.