बारा सह्या

सोमवार, ११ सप्टेंबर

झालं! यंदा ते काम माझ्या गळ्यात. मिसेस ऑलरटननी बोलावलं आणि दार लावून घेतलं. हेडबाईंनी दार लावलं की काहीतरी पदरात पडणार, हे शाळेत मदतनीस म्हणून नऊ वर्षांत मला पक्कं कळलंय. म्हणाल्या, "शोना, आया तुझ्याशी बोलतात. माझ्याशी नुसत्या भांडतात."

काम काय, तर फॉर्म. गरीब घरच्या मुलांसाठी सरकार शाळेला जास्तीचे पैसे देतं, दर मुलामागे. पण मूल गरीब आहे हे सरकारला कळणार कसं? घरच्यांनी फुकट जेवणाच्या फॉर्मवर सही केली तरच. आणि पहिल्या तीन वर्गांत जेवण सगळ्यांनाच फुकट! मग सही करतंय कोण? मूल जेवतं, आई खूश, शाळेचे पैसे बुडाले. दर वर्षी हेच.

५ ऑक्टोबरला सरकारची गणती. तोवर बारा नवे फॉर्म आले तर बोलायला अडणाऱ्या पोरांचा आमचा गट वर्षभर चालेल. नाही आले तर नाताळनंतर बंद. शाळेच्या समितीने तसं लिहूनच दिलंय.

बारा! काय विशेष आहे, म्हणाले मी. तोंडाची वाफ.

मंगळवार, १२ सप्टेंबर

टॅबी बोलली!!

सात वर्षांची पोर. दोन वर्षं नुसती मान हलवते, फार तर "हो" आणि "नको". दर बुधवारी वाचा शिकवणारी बाई येते, आणि ती दाखवते ते मी रोज सकाळी पाच पोरांकडून घोटून घेते. चित्रं, फुंकर, आरशात जीभ. आज चित्रं मांडत होते तर मागून आवाज — "मिस, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

अख्खं वाक्य! मी रडले. मग टॅबीला वाटलं नाडी सुटणं फारच वाईट असतं, तीही रडली. दिवसभर नाडी तशीच ठेवून फिरले, पुन्हा सांगेल म्हणून. दोनदा पडता पडता वाचले.

गुरुवार, १४ सप्टेंबर

फाटकाशी उभी राहिले, हातात फॉर्मचा गठ्ठा. आया मला बघून रस्ता ओलांडायला लागल्या. जशी काही मी वसुलीवालीच!

"जेवतोय ना तो? मग सही कशाची?" चौघींनी हेच विचारलं, याच शब्दांत.

एक बाप म्हणाला, "सरकारच्या कुठल्याच यादीत आपलं नाव नको. आज जेवण देतील, उद्या पोरगी घेऊन जातील." समजावलं. हसला आणि फॉर्मची घडी करून त्यात च्युइंगगम गुंडाळलं.

दोन सह्या.

रविवार, १७ सप्टेंबर

ग्लेन आलाच नाही. माझी बेथन कोट घालून बापाची वाट बघत दुपारी दोनपर्यंत खिडकीत. जुलैत आम्हाला सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, दर रविवारी येईन. बीन्स आणि टोस्ट केलं. तिने टोस्टच्या कडा ठेवल्या, त्या मी खाल्ल्या.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

सात! घरोघरी जातेय. मी शाळेतून बाराला सुटते, बेथन साडेतीनला, मधला वेळ याचाच. चहा इतका प्यायलेय की पोटात समुद्र झालाय.

पण एक मनातून जात नाही. फॉर्म बेव्हकडे द्यायचे असतात, ती ऑफिस सांभाळते. आज स्टाफरूममध्ये एक फॉर्म नाचवत म्हणाली, "अगंबाई, हिने पण भरला! नखं बघितलीत का हिची? दर पंधरवड्याला नवीन! गरीब म्हणे!" सगळे हसले. मीही हसले. काय म्हणून हसले? त्या बाईला मीच तासभर बसून सांगितलं होतं, यात लाजायचं काही नाही, कुणाला काही कळत नाही.

बुधवार, २७ सप्टेंबर

दहा.

सोमवार, २ ऑक्टोबर

आज डॉनाकडे गेले. टॅबीची आई. हिला सर्वांत शेवटी ठेवलं होतं, भीती वाटते तिची.

मासळीच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, बोटं थंडीने लाल. फॉर्म बघितला आणि माझ्याकडे सरकवला. "आमचे आजोबा बोटीवरून परतले नाहीत, तरी आजीने कुणाचा पाव घेतला नाही. समजलं?"

"पाव तुला नाही गं, शाळेला."

"तेच ते. माझ्या पोरीच्या कपाळावर लिहिणार तुम्ही, गरीब म्हणून."

मी टॅबीचं ते वाक्य सांगितलं. तिला माहीतच नव्हतं! घरी बोलत नाही ना. डॉनाने सिंककडे तोंड करून एकच कप दोनदा विसळला. मग वळून म्हणाली, "शोना, खरं सांग. तू माझ्या जागी असतीस तर केली असतीस सही?"

"लगेच," मी म्हणाले.

तिने पेन मागितलं. टॅबी पायरीवर बसून ऐकत होती.

अकरा.

बुधवार, ४ ऑक्टोबर

तीन घरं. दोघींनी दार उघडलं नाही. तिसरीची कमाई फॉर्मच्या मर्यादेत बसत नाही, आठवड्याला चार तास जास्तीचे घेतलेत तिने. कष्ट केले म्हणून बाहेर! म्हणाली, "सॉरी हं शोना, तास कमी करून घेऊ का?"

मिसेस ऑलरटन संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत आला तरी चालेल. एकच, शोना."

गुरुवार, ५ ऑक्टोबर

गणती. या दिवशी किती पोरं जेवली त्यावर जेवणाचेही पैसे ठरतात, म्हणून किचनने दर वर्षीसारखी लाच दिली — मासा, चिप्स, वर चॉकलेटचा केक. डबा आणणारी पोरंही रांगेत. बेथनने मिशा काढल्या केकच्या. सगळी शाळा व्हिनेगरच्या वासाने भरलेली, आणि मी ऑफिसच्या दाराबाहेर उभी. तीनदा आत गेले. तीनदा काहीतरी भलतंच मागून परत आले. स्टेपलर. लिफाफे. बेव्ह म्हणाली, "आज काय झालंय तुला?"

बारावा आला नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

समिती बसली. आकडा म्हणजे आकडा, म्हणाले. अकरा मुलांचे पैसे मोठ्या वर्गांच्या परीक्षेच्या शिकवणीकडे. मिसेस ऑलरटन भांडल्या म्हणे, नाकाचा शेंडा लाल होता. विचारलं, आता एखादा फॉर्म आणला तर? "तो पुढच्या वर्षात धरतात, शोना. यादी बंद झाली."

पुढच्या वर्षी टॅबी आठची होईल. वाचेची बाई म्हणते, आत्ता धागा तुटला तर पुन्हा हाती लागेलच असं नाही.

सोमवार, १६ ऑक्टोबर

डॉना फाटकाशी. "झालं ना गं काम?"

सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "मग माझ्याकडून सही कशाला घेतलीस?" आणि टॅबीची टोपी नीट करून निघून गेली.

एवढी धावपळ केली आणि शेवटी हिला खाली मान घालायला लावली, बस.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

सुट्टी लागली. गटात आज टॅबी हळूच म्हणाली, "मिस, नाताळनंतर पण आपण येणार ना?"

शिकवल्याप्रमाणे पूर्ण वाक्य. मी मान हलवली. होय की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर

इथेही लिहायचा धीर झाला नव्हता. ग्लेन गेल्यापासून आमचीही कमाई त्या फॉर्मात बसते. बेव्हच्या हातात द्यायची लाज वाटली. बारावं मूल बेथन होतं.