लेबल नसलेली बाटली

प्रिय मोमेनाबुबू,

म्हणजे पुन्हा तेच! माशांना सुया टोचून पिलं काढणं हे पापाचं काम, असं थोरल्या बहिणीच्या हक्काने तू याही पत्रात लिहिलंस. अम्मा होती तोवर तीही हेच ऐकवायची. मी काय ऐकून घेणारा आहे? चौथीतून पळालो, आपलं भोला बेट सोडलं, विटा वाहिल्या, रिक्षा ओढली, कुठे म्हणून टिकलो नाही. टिकलो तो जशोरच्या या हॅचरीत. मागूर मासळी पोटात अंडी घेऊन बसते, पण पुराचं पाणी अंगावरून गेल्याशिवाय सोडत नाही. सिमेंटच्या टाकीत पूर आणायचा कुठून? तो आम्ही सुईतून देतो. मादीला ओल्या गमछ्यात गुंडाळायचं, वजन करायचं, पाठीच्या पराशेजारी तिरकी सुई द्यायची. वेळ भरली की पोट हळूच दाबायचं, मोहरीसारखी अंडी परातीत सांडतात. त्यात कसलं आलंय पाप!

मात्र सुईतलं औषध कशाचं ते कळलं तेव्हा मीही हादरलो होतो. आमचे उस्ताद नेपालदा म्हणाले, गरोदर बायकांच्या लघवीतून काढतात. मी म्हटलं, दादा, थापा दुसऱ्याला मारा. तर म्हणाले, "गाढवा, मूल होत नाही त्या बायकांना मोठे डॉक्टर हेच देतात. पण ते माणसांचं, तपासून, मोजून. हे माशांचं." जास्त झालं की मादी फुगते, पोट दगडासारखं होतं, एकही अंडं सुटत नाही. मग उलटी होऊन तरंगते. तेवढं मात्र मला बघवत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. इथे कुठल्याच हॅचरीतल्या बाटलीवर लेबल दिसणार नाही. आपलं औषध शेजारच्याला कळू नये म्हणून दुकानातच लेबल सोलून टाकायची रीत आहे. दुकानदार कढत पाण्याचं भांडं मांडूनच बसतो, कोणी काही विचारत नाही. तू लिहिलं होतंस, गावातल्या इद्रिस डॉक्टरांच्या सुया परदेशी आहेत, म्हणून बाटलीवर नाव नसतं. मी हसलो होतो गं. परदेशी लोकांना लिहिता येत नाही वाटतं, म्हणालो होतो. एवढं रोज डोळ्यासमोर असून डोक्यात आलं नाही.

मूल नाही म्हणून सासूचे टोमणे खाऊन तू त्या सुया घ्यायला लागलीस, त्यात तुझा काय दोष? आता पोट वर आलंय, दुखतं, श्वास लागतो, आणि तुझी सासू पाड्यात रसगुल्ले वाटत फिरतेय. वाचून मीही इथे सगळ्यांना चहा पाजला.

काल औषध आणायला चाचड्याच्या बाजारात गेलो. माझ्यापुढे गावाहून इतक्या लांब आलेला इद्रिस डॉक्टर उभा. दुकानदाराने विचारलं, कुठल्या माशासाठी, मागूर की शिंगी? तो हसला आणि म्हणाला, "आमच्याकडचे मासे साडी नेसतात." दुकानदारही हसला. मग डॉक्टरने एकेक बाटली कढत पाण्यात बुडवली आणि नखाने लेबल सोललं. माझ्या हातातला बर्फाचा डबा खाली पडला. त्याने वळून पाहिलं. "अरे, मोमेनाचा भाऊ ना तू? मिठाई पोचली का?" बुबू, एरवी मी कोणाचं ऐकून घेतो? पण मी खाली वाकून डबाच उचलत राहिलो. बाटल्या खिशात टाकून तो गेलासुद्धा.

फोन सासूच्या कमरेला असतो, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या रोमेलाखालाच्या हाती देतोय. आता एकही सुई घेऊ नकोस. वाचून होताच खालाबरोबर लाँचने बोरिशालच्या मोठ्या इस्पितळात जा. जहिरुलला मुलगी बघायला चाललेय, असं घरी सांग. सासू स्वतः पान लावून देईल. डॉक्टरीणबाईंना लाजू नकोस. सरळ सांग, मला माशांचं औषध टोचलंय. आत मूल असलं तर अल्लाची मेहेरबानी. नसलं तरी मला तू हवी आहेस. पाप की पुण्य यावरून तू बरी झाल्यावर भांडू, मी हरेन.

तुझाच भांडकुदळ,
जहिरुल

खालाच्या पदराच्या गाठीत सात हजार टका बांधून दिलेत.