पिठाच्या डब्यामागची बाटली

आई,

तुमचा फोन इथे टेबलावरच वाजतोय, म्हणून लिहिते आहे. यांना घेऊन हॉस्पिटलमध्ये जाते. स्वतःच्या पायांनी जिना उतरलेत, पण डोळे पिवळे दिसताहेत. पिल्लू शेजारच्या काकूंकडे आहे, दूध पाजलंय.

रिपोर्ट आला. लिव्हरवरची चरबी होती तेवढीच आहे, पण लिव्हरला सूज आली आहे. डॉक्टरांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, "बाहेरचं काय घेतात?" मी महिनाभर यांच्या सकाळच्या ज्यूसमध्ये ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल फोडून घालते आहे. नैसर्गिक आहे, अँटिऑक्सिडंट आहे, लिव्हरला जपतं, असं वाचलं होतं. यांना सांगितलं नाही. "मी काय बकरी आहे पाला खायला?" म्हणाले असते.

डॉक्टर म्हणाले, चहा पिणं वेगळं आणि एवढा अर्क पोटात जाणं वेगळं. तोच लिव्हरला बाधला असेल.

पिल्लूचा बाऊल काढताना पिठाच्या डब्यामागे त्याच कॅप्सूलची बाटली दिसली, अर्धी संपलेली. माझी तर औषधांच्या खणात आहे. आई, तुम्हीही यांना तुमच्या सुपातून देत होतात ना?

रागावले नाहीये. कुठल्या तोंडाने रागावू? दोन्ही बाटल्या सोबत नेते आहे. रोज किती दिल्यात, कधीपासून, ते आठवून लगेच फोन करा. डॉक्टरांना खरा आकडा हवाय. माझा मी यांच्यासमोरच सांगणार आहे.